नव्याचे नऊ दिवस : एका शब्दाची कुळकथा



‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. नवी वस्तू घरात आली, नवी सून आली, नवा अधिकारी तालुक्याला आला की कोणीतरी जाणते माणूस हसून ही म्हण उच्चारते. उर्दू बोलणाऱ्या घरातील दादी-नानी हीच गोष्ट ‘नया नौ दिन, पुराना सौ दिन’ अशी सांगते. आणि नवल असे की, येथून हजारो मैल दूर असलेला इंग्रजदेखील चार दिवसांच्या कौतुकाला ‘नाइन डेज वंडर’, म्हणजे नऊ दिवसांचे नवल, असेच म्हणतो. सन १६०० मध्ये विल केम्प नावाचा विनोदी नट लंडनपासून नॉर्विच शहरापर्यंत नाचत गेला. नाचाचे दिवस भरले नऊ. त्या प्रवासावर त्याने जे पुस्तक छापले त्याला त्याने याच म्हणीचे नाव दिले.

तीन भाषा, तीन समाज, आणि म्हण जवळजवळ एकच! असे का व्हावे? या प्रश्नाचा माग काढण्यासाठी आपण आज ‘नवा’ या दोन अक्षरी शब्दाचा इतिहास पाहू. राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच शब्दांचाही इतिहास बोधप्रद असतो, याची खात्री हा लेख वाचून आपणांस पटेल अशी आशा आहे.

इंग्रजीतील एक मेलेला शब्द

सुरुवात इंग्रजीपासून करू, कारण आज ‘नवे’ म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर प्रथम इंग्रजीच उभी राहते. इंग्रजीत सुमारे चारशे वर्षांपूर्वी नव्या वस्तूसाठी, नवलाईसाठी ‘न्यूएल’ असा एक शब्द होता. फ्रेंचांकडून आलेल्या ‘नॉव्हेल’ या शब्दावर ‘न्यू’ची छाया पडून तो तयार झाला, असे जाणकार मानतात. आज तो इंग्रजांच्याही तोंडी राहिलेला नाही. जिन्याच्या कठड्याच्या खांबाला इंग्रजीत आजही ‘न्यूएल’ म्हणतात, परंतु तो शब्द निराळ्या कुळातला आहे.

एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीने १५७९ साली बारा महिन्यांवर बारा काव्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी मे महिन्याच्या काव्यात हा शब्द येतो, आणि ज्या कथेत येतो ती कथा मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावी अशी आहे. एक शेळी बाहेर जाताना आपल्या करडाला बजावते की, कोणीही आले तरी दार उघडायचे नाही. थोड्या वेळाने कोल्हा गरीब फेरीवाल्याचे सोंग घेऊन, पाठीवर टोपली बांधून दाराशी येतो. तो एकेक चीज दाखवू लागतो. त्यांत एक आरसा असतो. करडाने असली वस्तू जन्मात पाहिलेली नसते. त्या ‘न्यूएल’वर ते भाळते, आईचे शब्द विसरते, आणि अखेर कोल्ह्याच्या टोपलीत जाऊन पडते.

नव्याला भुलणाऱ्या स्वभावासाठी इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, ‘न्यूफँगल्ड’. यातील ‘फँग’ म्हणजे पकडणे, झडप घालणे. हिंस्र पशूच्या सुळ्याला इंग्रजीत ‘फँग’ म्हणतात तो याच घराण्यातला. नवे दिसले की त्यावर झडप घालणारा माणूस, असा या शब्दाचा मूळ अर्थ होता. पुढे माणसावरून तो वस्तूवर गेला आणि उगाच नवीन म्हणून मिरवणाऱ्या गोष्टीला लोक तसे म्हणू लागले.

वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. नवलाई दाखवणारा ‘न्यूएल’ हा शब्द नाहीसा झाला, पण ‘न्यू’ हा साधा शब्द मात्र टिकला. तो किती जुना आहे हे पाहिले म्हणजे मनुष्य थक्क होतो.

सर्वांत जुना ‘नवा’

संस्कृतात ‘नव’, मराठीत ‘नवा’, हिंदी-उर्दूत ‘नया’, फारसीत ‘नौ’, ग्रीकमध्ये ‘नेओस’, लॅटिनमध्ये ‘नोवुस’, जर्मनमध्ये ‘नॉय’, रशियनमध्ये ‘नोवी’ आणि इंग्रजीत ‘न्यू’. हे शब्द मोठ्याने एकापुढे एक म्हणून पाहा. एकाच घरातील भावंडांची नावे हाका मारून घ्यावीत तसे ते वाटतात. प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेतही ‘नव’ हाच शब्द होता. आजच्या तुर्कस्तानच्या भूमीवर साडेतीन हजार वर्षांपूर्वी हित्ती नावाचे लोक मातीच्या विटांवर लिहीत असत. त्यांच्या लेखांतही नव्याला ‘नेवा’ असा शब्द सापडला आहे.

याचा अर्थ असा की, या सर्व भाषांची कोणी एक आदिमाता होती. तिला जाऊन निदान पाच-सहा हजार वर्षे झाली असावीत असा भाषापंडितांचा अंदाज आहे. एवढ्या काळात राज्ये गेली, लिप्या बदलल्या, परंतु ‘नव’ हा उच्चार फारसा बदलला नाही. आपल्या तोंडी असलेल्या अत्यंत जुन्या शब्दांपैकी एक शब्द ‘नवा’ हा आहे!

हे नाते प्रथम कोणी ओळखले? शाळेच्या पुस्तकांत सर विल्यम जोन्स यांचे नाव येते आणि ते योग्यच आहे. जोन्स हे फारसीचे मोठे जाणकार. १७७१ मध्येच त्यांनी फारसीचे व्याकरण इंग्रजीत लिहिले होते. १७८३ साली ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश म्हणून हिंदुस्थानात आले आणि येथे संस्कृत शिकले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात त्यांनी सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाने घडलेले नाही, त्या एका मूळ भाषेपासून निघालेल्या असल्या पाहिजेत. जुनी फारसीही त्यांनी याच कुटुंबात धरली.

परंतु जोन्सच्या कित्येक वर्षे आधी दिल्लीत सिराजुद्दीन अली खान ‘आरजू’ या नावाचे एक विद्वान होऊन गेले. ते फारसीचे कवी व कोशकार होते, आणि उर्दूचे थोर शायर मीर तकी मीर यांच्याशी त्यांचे आप्तसंबंध होते. १७५६ मध्ये ते वारले. ‘मुस्मिर’ या आपल्या ग्रंथात त्यांनी फारसी आणि हिंदुस्थानची भाषा यांच्यातील शब्दसाम्याची चर्चा केली, त्याला ‘तवाफुक’, म्हणजे मेळ, असे नाव दिले, आणि ही गोष्ट आपल्यापूर्वी कोणाच्या ध्यानात आली नव्हती असेही म्हटले. एका मूळ भाषेची कल्पना मांडण्याचे श्रेय जोन्सचे. पण दोन्ही भाषा कानाशी धरून त्यांचा मेळ ऐकणारा हा आपल्याच देशातील माणूस होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

घरातला नवरा आणि मांडवातला नौशा

आता ग्रंथांतून घरात येऊ. मराठीत लग्नाच्या मुलाला ‘नवरा’ म्हणतात. व्युत्पत्ती जाणणारे सांगतात की हा शब्द ‘नववर’, म्हणजे नवा वर, यापासून आला. लग्न होऊन चाळीस वर्षे लोटली तरी नवरा हा नवराच राहतो, ही मराठीची गंमत! आपल्याकडे निकाहाच्या दिवशी सेहरा बांधलेल्या मुलाला ‘नौशा’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘नौ-शाह’, म्हणजे नवा राजा. शेजारच्या घरातील नवरा आणि आपल्या मांडवातील नौशा यांच्या नावाचे पहिले अक्षर एकाच झऱ्याचे पाणी आहे.

मराठीतील ‘नवल’ हा शब्दही याच कुळातला. प्राकृतात ‘णवल्ल’ म्हणजे नवा. जे नवे ते आश्चर्याचे, म्हणून ‘नवल’ म्हणजे आश्चर्य झाले. सन १२९० च्या ज्ञानेश्वरीतही हा शब्द भेटतो. त्यावरूनच पुढे ‘नवलाई’. तसेच ‘नवखा’, ‘नवशिका’, ‘नवथर’ आणि ‘नव्हाळी’. यांतील ‘नव्हाळी’ हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पहिल्या बहराचा ताजेपणा, कोवळेपणा, असा त्याचा अर्थ. इंग्रजांचा ‘न्यूएल’ जसा गेला तसा आपला ‘नव्हाळी’ जाऊ नये असे वाटते.

फारसीकडून आलेली पाहुणी कुळेही पाहा. ‘नौजवान’, ‘नौरोज’, चंद्र दिसल्यानंतरची पहिली ‘नौचंदी जुमेरात’. या शेवटच्या शब्दात ‘नौ’ फारसी आणि ‘चंद’ हा ‘चंद्रा’चा वंशज. दोघे एकाच शब्दात नांदतात. मराठीतील ‘ताजा’ हाही फारसीच, आणि ‘ताजातवाना’ या शब्दाचे दोन्ही तुकडे फारसी आहेत, कारण ‘तवाना’ म्हणजे सशक्त. सकाळी ताजातवाना होऊन शेतावर निघालेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला आपण दोन फारसी शब्द बोललो याची जाणीवही नसते, आणि असण्याचे कारणही नाही. शब्द एकदा रुळला की तो घरचाच.

मात्र विद्यार्थी मित्रहो, दिसते तसे सर्वच नसते. ‘नवाब’मध्ये ‘नवा’ नाही. तो अरबी ‘नायब’ या शब्दाच्या अनेकवचनावरून आलेला आहे. ‘नौबत’ही अरबी, तिचा मूळ अर्थ पाळी, वेळ. ‘नौकर’ हा शब्द तर थेट मंगोल लोकांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘नोकर’ म्हणजे सरदाराचा साथीदार. नुसत्या आवाजावरून नाते जोडू नये, पुरावा पाहावा. इतिहासाचा अभ्यास याच सवयीपासून सुरू होतो.

आता म्हणीतल्या ‘नऊ’विषयी. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊसुद्धा. फार प्राचीन काळी लोक चार-चारांच्या गटांनी मोजत असावेत, आठ झाले की गट पुरा आणि पुढचा आकडा ‘नवा’, असा काही पंडितांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. परंतु मराठी आणि उर्दू म्हणींतील मौज याच जुळ्या उच्चारांमुळे आहे, यात शंका नाही.

नवे वर्ष, नवी नावे, नवे दप्तर

आपला हा वऱ्हाड प्रांत भाषांच्या भेटीगाठीचा प्रांत आहे. अचलपूरची इमादशाही, नंतर अहमदनगरची निजामशाही, पुढे मोगल, मग हैदराबादचे निजाम आणि १८५३ पासून इंग्रजी कारभार, अशा राजवटी येथे झाल्या. प्रत्येकीने काही नवे आणले. ते नवे जुने कसे झाले याचे दाखले आपल्या अवतीभोवती आहेत.

आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘पिंपळ’ आणि ‘गाव’ हे संस्कृत पिप्पल व ग्राम यांचे वंशज. याच जिल्ह्यात पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव देवी आहे आणि पिंपळगाव सराईही आहे. ‘सराई’ म्हणजे प्रवाशांचा मुक्काम, शब्द फारसी. एका गावाची दोन गावे झाली की एकाला ‘बुद्रुक’ आणि दुसऱ्याला ‘खुर्द’ म्हणण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे. हे ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’ म्हणजे थोरले आणि धाकटे, हेही फारसीच. एके काळी ही नवी नावे होती. आज ती सात-बाराच्या उताऱ्यावर आणि बसच्या पाटीवर आहेत, आणि कोणालाही परकी वाटत नाहीत.

शेतकऱ्याचे नवे वर्ष घ्या. मृग नक्षत्र लागले की पेरणीचे वर्ष सुरू होते. जुन्या मोडी कागदांत जो ‘शुहूर सन’ आढळतो त्याचा आरंभ याच मृगापासून होत असे. हा सन १३४४ पासून, महंमद तुघलकाच्या काळात, सुरू झाला असे मानतात. ‘शुहूर’ हे अरबीत महिन्याचे अनेकवचन. वर्षाचा आकडाही अरबी शब्दांनी लिहीत. उदाहरणार्थ, ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि एक हजार, मिळून १०७५. हे वर्ष इसवी सन १६७४-७५ चे. त्याच साली छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन नवा राज्याभिषेक शक सुरू झाला. तरीही पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी कागदांवर शुहूर सन पडतच राहिला. आकाशातले नक्षत्र आपले, आकडे अरबी आणि लिपी मोडी. या तिन्हींनी मिळून मराठी मुलखाचे नवे साल मोजले.

शेवटी मुलाच्या पाठीवरचे दप्तर उघडा. ‘दप्तर’ हा शब्द फारसी, आणि फारसीत तो ग्रीकांच्या ‘दिफ्थेरा’, म्हणजे लिहिण्याचे कातडे, यावरून गेलेला. ‘कागद’ फारसी. ‘दौत’ अरबी. ‘कलम’ अरबी, त्याचा संबंध ग्रीक ‘कालामोस’, म्हणजे बोरू, याच्याशी. ‘शाई’ हे फारसी ‘सियाही’चे मराठी रूप, सियाही म्हणजे काळेपणा. म्हणून ‘लाल शाई’ म्हणणे म्हणजे लाल काळोखी म्हणण्यासारखे आहे, पण आपण ते बिनदिक्कत म्हणतो! मराठी शाळेत जाणारे मूल आणि उर्दू शाळेत जाणारे मूल यांच्या पाठीवर एकच दप्तर आहे.

म्हणून आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे. “मराठी आपल्या मुलांना जड जाते, ती आपली नव्हे,” असे उद्गार कधीकधी कानी पडतात. उलट उर्दूला बाहेरची भाषा म्हणणारेही भेटतात. दोघांनाही इतिहास उत्तर देतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, यांनी फारसी शिकवली, १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि गझल मराठीत रुजवली. या दोघांनाही ‘ही भाषा माझी नव्हे’ असे वाटले असते तर मराठी तेवढी गरीब राहिली असती.

नव्या गोष्टीचे नाव आणि तिचे काम

आता एका नव्या वाङ्मयप्रकाराची हकिकत सांगतो. इटालियन भाषेत ‘नोव्हेल्ला’ म्हणजे लहानशी नवी गोष्ट. त्यावरून इंग्रजी ‘नॉव्हेल’. उर्दूने हा शब्द जसाच्या तसा घेतला, म्हणून उर्दूतील ‘नॉवेल’मध्ये ते जुने ‘नव’ अजून लपलेले आहे. मराठीने निराळी वाट धरली. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत कथेचे नाव ‘कादंबरी’, तेच मराठीने या प्रकाराला दिले. एका भाषेने नव्या वस्तूला नवे नाव ठेवले, दुसरीने जुने. दोन्ही नावे चालली.

पण या नव्या साधनाचा उपयोग दोन्ही भाषांनी कशासाठी केला ते पाहा. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी मानतात. ती १८५७ साली निघाली. तिचा विषय विधवा स्त्रियांचे दुःख. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ ही उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. ती १८६९ ची. ‘अरूस’ म्हणजे नववधू. आपल्या दर्ग्यांवर भरणारा ‘उरूस’ त्याच अरबी धातूचा, मूळ अर्थ लग्नसोहळा. या नववधूच्या आरशात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी दिसतात. अकबरी हेकट आणि न शिकलेली. तिचा संसार विस्कटतो. असगरी शिकलेली, समंजस. ती बुडते घर सावरते आणि आपल्या घरीच मुलींना शिकवू लागते. लेखकाने हे पुस्तक मुळात आपल्या मुलींनी वाचावे म्हणून लिहिले होते.

दोन्ही भाषांनी नवी वस्तू हाती येताच तिच्यात आपल्या घरातील लेकीसुनांचा प्रश्न मांडला. येथे स्पेन्सरच्या करडाची आठवण होते. त्या करडाच्या पुढे आरसा आला आणि ते भुलले. नजीर अहमदांनीही आरसाच पुढे केला, आणि तो वाचणाऱ्या मुलीला शहाणपण आले. आरसा दोन्हीकडे नवाच होता. फरक होता तो देणाऱ्याच्या हेतूत आणि घेणाऱ्याच्या तयारीत.

दहावा दिवस

पालकहो, दरवर्षी शाळा उघडते तेव्हा नवे दप्तर, नवा गणवेश, नव्या पुस्तकांचा वास, सारे असते. मुलगा आपणहून उठतो, मुलगी वेणी घालून दारात उभी राहते. हे नऊ दिवस सर्वांचेच चांगले जातात. खरी परीक्षा दहाव्या दिवशी सुरू होते. पोळा होतो, दप्तराचा बंद तुटतो, गणिताची वही मागे पडते. मग कापूस वेचणीचे दिवस येतात, घरात हातांची गरज लागते, आणि वर्गातील एखादी जागा रिकामी दिसू लागते. मुलगी सातवी-आठवीत गेली की “आता पुरे” असा सूरही कुठे कुठे निघतो. त्या वेळी असगरीची आठवण करा. तिचे शिक्षण चार दिवसांची नवलाई नव्हती. रोजचा हिशोब, रोजचे पत्र, रोजचा धडा, एवढेच तिचे बळ होते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हाती आज मोबाईल आला आहे, संगणक आला आहे, उद्या आणखी काही येईल. नव्याला भिऊ नका. तुमच्या पूर्वजांनी कागद घेतला, छापखाना घेतला, १८७० मध्ये खामगावला आलेली आगगाडी घेतली, आणि ‘आग’ व ‘गाडी’ या दोन जुन्या शब्दांतून तिला नाव दिले. पण दाराशी आलेल्या प्रत्येक फेरीवाल्याला दारही उघडू नका. ही वस्तू कोण देतो, कशासाठी देतो, आणि नऊ दिवसांनंतर तिचा मला काय उपयोग, हे तीन प्रश्न विचारा.

‘न्यूएल’ लोपला, ‘न्यू’ राहिला. ‘नवा’, ‘नया’, ‘नौ’ हे त्याचे भाऊ अजून आपल्या गावात एकाच रस्त्यावर राहतात. पाच-सहा हजार वर्षे हा शब्द का टिकला? लोकांनी तो रोज वापरला म्हणून. विद्येचेही तसेच आहे. ती रोज वापरावी, रोज नवी करावी. मग तिला नऊ दिवसांची मुदत लागू पडत नाही.